एका डब्यात दोन बिऱ्हाडं

रविवार, १४ सप्टेंबर

कंपनीतल्या ऋतिक सरांनी सांगितलंय, अपग्रेडची रोज नोंद ठेवा. ठेवतेय. ती इंग्रजीत आहे, कंपनीच्या पानावर आहे आणि शहाण्या मुलीसारखी आहे. ही वही वेगळी. माझ्या लेकीच्या, श्रेयाच्या चौथीच्या गणिताची, मागची पानं कोरी राहिलेली. इथं खरं लिहायचं.

खरं हे की मला धास्ती बसलीय.

तीन महिने झाले, पुण्याच्या एका कंपनीचं काम मी इथं बोरीत घरी बसून करतेय. त्यांचे प्रोग्रॅम मराठीत नीट दिसतात का, बटणं दाबली की हवं तेच होतं का, हे तपासायचं. मंचरच्या कॉलेजातली माझी मैत्रीण रत्ना तिथं आहे, तिनं शब्द टाकला म्हणून मिळालं. पण काम अजून कच्चं आहे. ३ ऑक्टोबरला, शुक्रवारी अकरा वाजता, ऋतिक सर तिकडून माझी स्क्रीन बघत बसणार आणि मी सगळ्या तपासण्या चालवून दाखवायच्या, विंडोजवरही आणि उबंटूवरही. कॉम्प्युटर चालवणाऱ्या ह्या दोन वेगळ्या यंत्रणा, माझ्या एकाच मशीनमध्ये दोन्ही आहेत. त्यातलं उबंटू नवीन पाहिजे, चोवीस नंबरचं. माझं बावीस आहे, ते बदलायचं म्हणजेच अपग्रेड. जमलं तर कायम, घरूनच. नाही जमलं तर राम राम.

ऋतिक सर सव्वीस वर्षांचे आहेत, मी पस्तीसची. त्यांना सर म्हणताना जीभ अडखळते. पण तेही मला मोहिनी मॅम म्हणतात, म्हणजे फिट्टंफाट.

मला ही नोकरी पाहिजे. बीसीएस होऊन निरगुडसरहून इथं नांदायला आले त्याला अकरा वर्षं झाली. टोमॅटो बांधले, कांदे काटले, सगळं केलं, त्यात कमीपणा नाही. पण 'ही काय करते' असं कुणी विचारलं की घरचे म्हणतात 'घरीच असते'. ते ऐकून ऐकून माझा जीव विटलाय.


मंगळवार, १६ सप्टेंबर

आज आत्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. आत्या म्हणजे सासूबाई, चिमाबाई. अडुसष्ट वर्षांच्या आहेत, अजून खताचं पोतं एकट्या ओढतात. मी कॉम्प्युटर चालू केला होता आणि स्क्रीनवर नेहमीची दोन नावं आली होती, विंडोज आणि उबंटू.

"रोज काय इचारतंय त्ये तुला?" आत्या म्हणाल्या.

आता ह्यांना काय सांगणार, कप्पाळ! दहा वाजता काम सुरू करायचं होतं. मी म्हणाले, "आत्या, ह्या डब्यात दोन बिऱ्हाडं राहतात. एका वेळी एकाचीच चूल पेटते. म्हणून रोज विचारतो, आज कुणाची पेटवू."

"भांडत न्हाईत?"

"एकमेकांची तोंडंच बघत नाहीत, तर भांडतील कशाला?"

"हूं," म्हणाल्या आणि गेल्या. ह्यांना कॉम्प्युटर म्हणजे खेळणं वाटतं. मागं मंगलवैनींना सांगत होत्या, "आमची मोहिनी घरातल्या घरात हापिसात जाती." वैनी किती हसल्या! मंगलवैनी म्हणजे शेजारची चुलत जाऊ. टोमणा ओळखायला मला काही शाळा लागत नाही.


शनिवार, २० सप्टेंबर

परवा घट बसणार म्हणून आज दसरा काढला. घरातली प्रत्येक गोधडी, चादर, पडदा नदीवर. आत्यांनी मला सोडून सगळ्याला पाणी लावलं. माझ्या टेबलाजवळ ओलं फडकं घेऊन आल्या तशी मी ओरडलेच. "त्याला हात लावायचा नाही! वायरी आहेत."

"पानी न्हाई चालत त्येला?"

"नाही."

"आन कुंकू?"

मी पाठ फिरवली. काहीही विचारायचं म्हणजे काय!

दुपारी बघते तर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर, म्हणजे त्या डब्यावर, एक अभ्रा. त्यांच्या जुन्या हिरव्या नऊवारीचा शिवलेला, काठ बरोबर दर्शनी बाजूला. पाव्हणेरावळे येणार नवरात्रात, त्यांना हे धूड दिसायला नको म्हणून झाकलं असणार. सुरू केल्यावर गरम होतं म्हणून मी तो काढून ठेवते. संध्याकाळी बघावं तर पुन्हा घातलेला.


गुरुवार, २५ सप्टेंबर

गुरुवार, म्हणजे लाईट गुल. दुरुस्तीचा वार. दुपारी चारला आली.

त्याआधी बाकीचे दिवस बरे गेले. एकच त्रास. सकाळी माझा फोनवर कॉल असतो तेव्हा आत्या बरोबर दारात उंबऱ्यावर बसतात, भाजी नाहीतर वाती घेऊन. काय बोलते, कुणाशी बोलते, ऐकायचं असतं. काल आमच्या शेतात कामाला येणारे गेणभाऊ मजुरीचं विचारायला आले तर त्यांना दारातूनच वाटेला लावलं. आत येऊन चहा घ्या म्हणाल्या नाहीत. माणसं काय म्हणतील ह्याचीसुद्धा फिकीर नाही आता.


सोमवार, २९ सप्टेंबर

अपग्रेडचा दिवस ठरवला. बुधवारी करायचं. गुरुवारी दसरा आहे, पण वार गुरुवार, लाईटचा भरवसा नाही. शुक्रवारी तर परीक्षाच. म्हणून बुधवार सकाळ.

रत्नाला फोन केला. ती म्हणाली, "आधी सगळं पेनड्राइव्हवर घेऊन ठेव. आणि एकदा सुरू झालं ना मोहिनी, की मध्ये बंद पडू द्यायचं नाही. काहीही होवो." म्हटलं, "एवढं कळतं मला, लहान आहे का?"

पेनड्राइव्ह शोधला. त्यावर श्रेयाचा पाचवा वाढदिवस आहे, भरलेला. तो पुसवेना. दोनशे चौदा तपासण्या लिहिल्यात मी तीन महिन्यांत, सगळ्या उबंटूकडच्या बिऱ्हाडात. अपग्रेडमध्ये त्यांना धक्का लागत नाही म्हणतात. नाहीच लागणार. दुसरा पेनड्राइव्ह आणायला भरतला सांगायचं राहिलं.

भरत म्हणजे माझा नवरा. तोंडानं 'अहो', वहीत भरत.


बुधवार, १ ऑक्टोबर. सकाळी साडेदहा

सुरू केलं! साडेआठला. आधी नव्या उबंटूचं सगळं सामान उतरवून घेतलं, फोनच्या नेटवर दीड तास गेला. आता आत बसवणं चालू आहे. पट्टी मुंगीच्या पावलानं सरकतेय. अजून दोन तास दाखवतंय.

आज खंडेनवमी. भरतनं पिकअप धुऊन दारात उभी केलीय. आत्या घटासमोर अवजारांची मांडामांड करतायत, दरवर्षीचंच. मला झेंडू तोडायला जायचंय, तोरणाला आणि पूजेला. मशीन आपलं आपलं काम करतंय, माझ्याकडे बघायलाही त्याला फुरसत नाही. तासाभरात येते.


त्याच दिवशी, दुपारी

काय झालं ते आधी लिहून काढते.

साडेबाराला पाटी डोक्यावर घेऊन आले. टेबल रिकामं. वायरी लोंबकळतायत. मला वाटलं चोर आले. मग आत बघितलं.

घटासमोर सतरंजी. त्यावर ओळ लागलेली. कोयता, खुरपी, टिकाव, फवारणीचा पंप, भरतच्या गाडीची किल्ली. आणि त्या ओळीत सगळ्यांच्या आधी माझं कॅबिनेट! घासूनपुसून, हळदकुंकू लावून. बटणाच्या वर कुंकवाचे दोन टिळे, एक सोडून दोन. वर शेवंतीचं फूल. आत्यांचा माहेरून आणलेला विळा दरवर्षी ओळीत पहिला असतो, त्याला कुणी हलवत नाही. तो आज दुसरा होता, कॅबिनेटच्या पलीकडं.

मी म्हणाले, "हे कुणी केलं?"

"म्या," आत्या म्हणाल्या. हातात अजून हळद होती. चेहऱ्यावर हसू होतं. "पडदा काळा व्हता. म्हनलं, निजलंय. बटान बंद केलं आन आनलं उचलून. फडकं कोरडं घेतलं बरं का, पानी न्हाई."

मला काय झालं कुणास ठाऊक. मंगलवैनी तिथं बसलेल्या, आरतीचं ताट घेऊन. त्यांच्यादेखत मी बोलले. "पडदा काळा म्हणजे बंद नसतं ते! आत काम चालू होतं. तीन महिन्यांचं माझं काम होतं आत. तुम्हाला काय कळतंय त्यातलं? कशाला हात लावला?"

आत्यांचं हसू गेलं. एवढंच म्हणाल्या, "हत्यार हाय न्हवं त्ये तुजं?"

हत्यार म्हणे! मला वाटतं मुद्दाम केलं. बाईनं घरात बसून नोकरी करावी, हे डोळ्यात खुपतंय, दुसरं काय.

मी कॅबिनेट उचलायला वाकले तर भरत मध्ये आला. "मोहिनी, आज न्हाई. मांडलेलं हत्यार उद्या पूजा झाल्याबिगर उचलत न्हाईत. माजी गाडी बी उभी हाय ना? कोयता बी आज कुनी धरत न्हाई."

"उद्या गुरुवार आहे," मी म्हणाले. "आणि परवा अकरा वाजता माझी परीक्षा आहे."

त्यानं मान खाली घातली. पण बाजूला झाला नाही.

आत खोलीत बसलेय. रत्नाला फोन केला, रडले. ती म्हणाली, "अर्ध्यात बंद झालंय म्हणजे गेलंच असं नाही. पण लवकर बघायला पाहिजे. किती वेळ आहे तुझ्याकडं?" मी काय सांगू तिला, माझा कॉम्प्युटर देवाजवळ बसलाय म्हणून?


त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर

पाचच्या सुमाराला आत्या दारात आल्या. आत नाही आल्या, उंबऱ्यावरच उभ्या. नऊ दिवसांचा उपास, त्यात दुपारची भगरसुद्धा खाल्ली नव्हती, असं वैनी नंतर म्हणाल्या.

"बिघडलं का गं माज्यामुळं?"

मी नुसती मान हलवली.

"नीट व्हईल का?"

"बघायला मिळालं तर होईल. आज हात लावायचा नाही म्हणता ना."

आत्या वळल्या. मला वाटलं गेल्या. मग घटाजवळून त्यांचा आवाज आला, देवीशी बोलत होत्या, जरा मोठ्यानंच. "आई, ह्ये आजारी हाय. ह्येला न्हेती. बाकीचं ठिवलंय तुज्याजवळ." आणि कॅबिनेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून येताना दिसल्या.

भरत उठून उभा राहिला. "आये, आगं आज..."

"पोळ्याच्या दिशी बैलाला जू लावतो का आपुन? न्हाई लावत. पर बैल आजारी पडला तर डाक्टर आनतूच की न्हाई? सरक."

पंचेचाळीस वर्षं ह्या घरात खंडेनवमीला मांडलेलं हत्यार उचललं गेलेलं नाही. भरत असं म्हणाला, आणि आत्यांनी ऐकलं नाही.

मी वायरी लावल्या. दोन नावं आली, तेवढा धीर आला. विंडोज उघडलं, त्याला शेजारी काय झालं पत्तासुद्धा नाही. उबंटू निवडलं तर काळा पडदा. बराच वेळ काळा. मग रत्ना फोनवर, मी कळफलकावर. दुरुस्तीसाठी म्हणून एक मागचं दार असतं, तिथून आत शिरले. काळ्यावर पांढरी अक्षरं. रत्ना एकेक अक्षर सांगत गेली, मी वाचून दाखवत गेले, मगच दाबलं. सामान सगळं सकाळीच उतरवून घेतलेलं होतं, तेच कामाला आलं. बाजार घरात आलेला, स्वयंपाक तेवढा अर्ध्यावर राहिलेला. आता पुढं शिजवायचा.

ओळी धावायला लागल्या. पाऊण तास धावत होत्या. मी पट्टीकडं बघत होते. आत्या उंबऱ्यावर बसून होत्या, पाठ माझ्याकडं, तोंड बाहेर. आरतीला माणसं आली तर म्हणाल्या, "हळू बोला. आत डाक्टर हाय."

पावणेसातला मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. उबंटू. चोवीस. माझ्या दोनशे चौदा तपासण्या जागच्या जागी, एकही हललेली नाही.

मी बाहेर येऊन म्हणाले, "झालं."

आत्या "बरं झालं" म्हणाल्या आणि उठून चुलीकडं गेल्या. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. दुपारचं बोलणं मनात सलतंय. पण एकदा तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं? उद्या म्हणेन.


गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. सकाळी पूजा झाली, भरतनं कोयता उचलला, गाडीला नारळ फोडला. सोनं वाटलं. आत्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवून पाया पडले. त्या म्हणाल्या, "सोन्यासारखी ऱ्हा." मी म्हणणार होते, पण तेवढ्यात मंगलवैनी आल्या. मग म्हटलंच नाही. भित्री आहे मी, आणखी काय.

लाईट दिवसभर होती. एकदाही गेली नाही. काय म्हणावं!

दुपारी सगळ्या तपासण्या दोनदा चालवल्या. तीन अडकल्या, नव्या उबंटूत काही नावं बदललीत, दुरुस्त केल्या. भरत आळेफाट्याहून नवा पेनड्राइव्ह घेऊन आला. न सांगता.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

अकरा ते साडेबारा. ऋतिक सर काही बोलतच नाहीत, नुसतं "ओके मॅम, नेक्स्ट". मध्ये एकदा माझा घसा कोरडा पडला तर उंबऱ्यावरून पाण्याचा तांब्या आत सरकला. हात तेवढा दिसला. शेवटी ते म्हणाले, "मॅम, अपग्रेडमध्ये काही इश्यू आले?" मी म्हणाले, "एक आला होता सर, घरीच सुटला." कंपनीच्या पानावर पण तेवढंच लिहिलं.

चार वाजता मेल आला. येत्या एक तारखेपासून कायम. घरून.

मी मेल तीनदा वाचला आणि बाहेर आले. आत्या उंबऱ्यावर मेथी निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "झाली का परीक्षा? दोनी बिऱ्हाडं खुशाल हायेत न्हवं?"

मी तिथंच उभी राहिले. "आत्या, कॅबिनेटवर कुंकवाचे दोन टिळे कशाला लावले होते?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मीच वेडी. "मग? दोघं ऱ्हात्यात म्हनलीस ना त्यात. एकाला लावायचं आन दुसऱ्याला कोरडं ठिवायचं? त्येला काय वाटंल!"

अकरा वर्षांत ह्या घरात मी माझ्या कामातलं काही आत्यांना सांगितलं, ते त्या एका मंगळवारी, अन् तेही वैतागून. तेवढं त्यांनी जपून ठेवलं होतं. आणि ओळीत विळ्याच्या आधी माझ्या कॅबिनेटला बसवलं होतं. मी म्हणाले होते, तुम्हाला काय कळतंय.

"आत्या, परवा मी फार वाईट बोलले," मी म्हणाले. रडू आलं, लपवलं नाही.

"व्हय, बोललीस," त्या म्हणाल्या. "लई बोललीस. बस हितं. नोकरी लागली का ते सांग आधी."

"लागली."

"मंगल!" आत्यांनी भिंतीपलीकडं हाक मारली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. "आगं मंगल, आमची मोहिनी हापिसात लागली गं! कायमची!"

टिळे अजून तसेच आहेत. पुसले नाहीत. फक्त हिरवा अभ्रा मी स्वतः घातला, काठ पुढं करून. मग आत्यांशेजारी बसून उरलेली मेथी निवडली.